गोबेरच्या खांद्यावरचा क्रूस

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आत्यानं मिठाच्या मडक्यावर हात ठेवायला लावून माझ्याकडून तसं वचन घेतलं आहे. पण आज सकाळी जे पाहिलं ते एकटीच्या पोटात ठेवून मला बसवत नाही, आणि तू काही बोलणारी नाहीस. दोन वर्षं मठात एका बाकावर बसून आपण अक्षरं गिरवतोय, अजून सिस्टरना आपल्या दोघींचा आवाज ओळखू येत नाही. घंटेला वेळ आहे. इथे पेंढ्यांच्या आडोशाला बस. माझ्या मांडीवर आहे तो बाबांचा अंगरखा. त्याचं शेवटी सांगते.

गोष्टीत मी आत्याला तिच्या नावानं, ओदलीन, म्हणेन. पाच वर्षांपूर्वी गावातून गेली ती ओदलीन आणि परत आली ती आत्या, या दोघी मला एक वाटत नाहीत.

ओदलीन गावाचे कपडे धुवायची आणि फाटलेलं शिवायची. चर्चच्या अंगणात तो अनवाणी उपदेशक आला आणि अर्धं गाव गुडघ्यांवर बसलं, त्या दिवशी ती नदीवरच होती. टोपली घेऊन घरी आली तर दारात तिचा नवरा गोबेर उभा, आणि गल्लीतल्या बायका कात्र्या शोधत धावत होत्या.

"काय झालं?"

"यरुशलेमला चाललेत सगळे. प्रभूची कबर सोडवायला." गोबेर गाड्यांची चाकं करायचा. "एवढ्या गाड्या जाणार, म्हणजे चाकं मोडणार. मला बोलावतायत."

"आणि त्यांचे कपडे?"

"म्हणून तर दारात थांबलोय. तू नाही म्हणालीस तर मीही नाही."

ती नाही म्हणाली नाही. आत्या हे अजून सांगते. कुणी विचारलेलं नसतानाही सांगते.

नवस बोलणाऱ्या प्रत्येकानं उजव्या खांद्यावर लाल कापडाचा क्रूस शिवून घ्यायचा, समोरून दिसेल असा. नवस फेडून परतताना तोच क्रूस पाठीवर लावायचा, म्हणजे रस्त्यातल्या लोकांना लांबूनच कळतं कोण जातंय आणि कोण येतंय. पण आपल्या गावात लाल कापड असणार किती? ज्याला जे सापडलं ते त्यानं कापलं. धान्य दळणाऱ्या एव्रारचा क्रूस त्याच्या आईच्या डोक्याला बांधायच्या जुन्या रुमालाचा होता, कडेला निळी रेघ असलेला. गोबेरचा ओदलीनच्या लग्नातल्या झग्याचा. सगळ्यांचे क्रूस तिनंच शिवले. ती डावखुरी. तिचे टाके दुसऱ्या बाजूला कललेले असतात, हजारात ओळखू येतात.

"बाजारातून घरी येणाऱ्या दारुड्यांसारखे आहेत तुझे टाके," गोबेर म्हणायचा. "सगळे एकाच बाजूला कलंडलेले. पण पडत मात्र नाहीत."

निघताना तिनं स्वतःच्या कफनाचं कापडही घेतलं. पांढरं, जाड, तिच्या आईनं विणलेलं. प्रभूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीत बुडवून आणायचं आणि म्हातारपणी त्यातच निजायचं, असा तिचा बेत होता.

पहिल्या हिवाळ्यात डोंगर ओलांडताना गावातला पहिला माणूस गेला. कुणी वाटेत मेलं तर त्याचा नवस अर्धवट राहतो, आणि अर्धवट नवसाचा माणूस रस्ता सोडत नाही. म्हणून सोबत्यानं त्याचा क्रूस काढून पुढे न्यायचा. काढण्याआधी त्याच्या कानाशी तीनदा विचारायचं, "तुझी वाट मला देतोस?" तीनदा उत्तर आलं नाही की दिली, असं धरायचं. क्रूस ओदलीननं शिवले होते म्हणून विचारायचं कामही तिच्याकडे आलं. काढलेला क्रूस हरवू नये म्हणून तिनं तो कफनावर टाचला.

तिच्याबरोबर कपडे धुणारी रिशोमावशी म्हणाली, "अगं बये, स्वतःच्या कफनावर लोकांचं ओझं का शिवतेस?"

"दुसरं कापड कुठाय मावशी? तुझा परकर देतेस?"

"माझ्या परकरात एवढ्या उवा आहेत की तुझा क्रूस चालत यरुशलेमला जाईल." मावशी हसली. मग हसू आवरून म्हणाली, "पण नको शिवूस."

ओदलीननं ऐकलं नाही. वसंतापर्यंत कफनावर नऊ क्रूस झाले.

मग समुद्र ओलांडून ते तुर्कांच्या मुलखात शिरले आणि पुढे तो माळ लागला.

त्या माळाबद्दल आत्या बोलते तेव्हा तिचा आवाज खाली जातो, जणू तिथे कुणी ऐकत असावं. जमीन पांढरी होती. पायाखाली ती कुरकुरायची, आणि वाकून बोट लावलं तर जिभेला खारट लागायची. एकही झाड नव्हतं. विहिरी होत्या, पण तुर्क पुढे पुढे सरकत होते आणि जाताना प्रत्येक विहिरीत मेलेलं जनावर टाकून जात होते. त्यामुळे विहीर जवळ आली की पाण्याचा नाही, कुजल्याचा वास यायचा, आणि तरीही माणसं धावायची. घोडे मेले. सरदार बैलांवर बसले. सामान शेळ्यांच्या आणि कुत्र्यांच्या पाठीवर लादलं होतं, आणि तीही मेली. माणसं काटेरी झुडपं हातावर चोळून चघळायची. दुपारी हजारो माणसं चालत असायची आणि तरी आवाज नसायचा. तोंड उघडलं की आत उरलेली ओल जाते, हे सगळ्यांना कळलं होतं. फक्त ती कुरकुर ऐकू यायची. मैलभर लांब, खालून येणारी कुरकुर.

गोबेर मात्र बोलायचा. ओठ न हलवता, हळूच. "ओदलीन, घरी गेलो की मी नदीत बसणार. तू माझ्या डोक्यावर कपडे आपट, मी हलणार नाही."

त्याला घरी न्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात उरलं होतं. यरुशलेमही नाही. एवढंच.

माळावरच्या चौथ्या दिवशी सकाळी तिनं कफन उलगडलं. आदल्या संध्याकाळी गेलेल्या एका म्हाताऱ्याचा क्रूस त्यावर टाचायचा होता. कापडावर आधीचे चौदा असायला हवे होते. पंधरा होते.

पंधराव्याच्या कडेला निळी रेघ होती.

टाके तिचेच होते, डावीकडे कललेले. तिनं मान वर करून पाहिलं. एव्रार पुढे चालत होता. पाठमोरा, खांद्यावर पोतं, तोंडात काडी.

"एव्रार," तिनं हाक मारली. "इकडे बघ जरा."

तो वळला. पोत्यामुळे खांदा झाकला होता. "काय गं? पाणी सापडलं की काय?"

"नाही. सहज."

"सहज वळायला लावू नकोस बाई. वळायलाही घाम लागतो."

दुपारी एव्रार खाली बसला. पाय दुखल्यावर माणूस बसतो तसाच बसला. ओदलीन पोचली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि बुबुळांवर धूळ बसली होती. तिनं तीनदा विचारलं. मग पोतं बाजूला करून खांद्याला हात लावला. तिथे क्रूस नव्हता. क्रूसाच्या आकाराचा न विटलेला कपडा होता, आणि त्याच्याभोवती सुईची बारीक भोकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक क्रूस, आणि त्याचा माणूस सूर्य मावळायच्या आत गेला. तिसऱ्या दिवशी दोन. त्या दिवशी उठल्यावर ओदलीनच्या दातांत काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. तिनं बोटानं काढलं. लाल दोऱ्याचा तुकडा होता. शिवून झालं की ती दोरा दातानं तोडते, लहानपणापासून.

तिनं रिशोमावशीला दाखवला. मावशीनं दोऱ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि आपली वळकटी उचलून दुसऱ्या टोळीबरोबर चालायला लागली. जाताना एवढंच म्हणाली, "मी तुझ्याजवळ झोपणार नाही, लेकी. माझ्यावर राग धरू नकोस..."

संध्याकाळी ओदलीननं सगळं गोबेरला सांगितलं आणि गाडीचा दोर त्याच्या हातात दिला. "माझे हात बांध."

"वेड लागलंय का तुला?"

"लागलं असेल. बांध."

त्यानं तिच्या मनगटांना दोर गुंडाळला. "लग्नाच्या दिवशीच बांधायला हवं होतं," तो म्हणाला. गाठ त्यानं दोनदा ओढून पाहिली. चाकांच्या माणसाची गाठ ती, बैलानं ओढूनही सुटायची नाही. सुई तिनं स्वतःच दूर मिठात फेकून दिली.

सकाळी गाठ जशीच्या तशी होती. मनगटं सुजली होती. तोंडात दोरा होता.

गोबेरनं तिचे हात सोडले, आणि तिनं त्याच्या खांद्याकडे न पाहता आधी कफन उघडलं. अगदी मधोमध तिच्या लग्नाच्या झग्याचं लाल कापड होतं. बाकीचे क्रूस उन्हानं विटकरी झाले होते. हा नवा दिसत होता.

"काय झालं?" गोबेर म्हणाला. "माझा?"

तिनं कफन त्याच्या पुढ्यात धरलं.

"असू दे," तो म्हणाला. "एकोणीस जण गेले. मी काय वेगळा आहे? तू विचारशील तेव्हा मी उत्तर देणार नाही... तू घेऊन जा."

"गप्प बस."

आता ऐक, चूक इथे झाली. दुसऱ्या कुणी बाईनं ती केली नसती, कारण दुसरीच्या हातात ती कला नव्हती. ओदलीननं एका मेलेल्या बाईच्या वळकटीतून सुई काढून घेतली. गोबेरचा क्रूस कफनावरून उसवला. दोरा लोण्यातून निघावा तसा निघाला. मग तिनं गोबेरला खाली बसवलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर परत शिवला. अंगरख्यावर नुसता टाचला नाही. दुहेरी दोरा, प्रत्येक टाक्यावर उलटा टाका. जोडे शिवतात तसा. आणि शिवताना तिनं ते वाक्य उलटं म्हटलं. विचारायचं ते तिनं सांगितलं, तीनदा. "तुझी वाट मी घेत नाही. तुझी वाट मी घेत नाही. तुझी वाट मी घेत नाही."

गोबेर तीनही वेळा गप्प होता.

त्या दिवशी ती त्याच्या मागे एक पाऊल ठेवून चालली. नजर खांद्यावर. ऊन डोक्यावर आलं. मिठावरून येणारा उजेड डोळ्यांत सुया खुपसत होता. दोनदा तिला वाटलं क्रूस नाहीये, आणि दोनदा तो होता. सूर्य कलला. अचानक पुढून एक आवाज आला, जनावरांचा वाटावा असा, आणि मग वास आला. ओल्या मातीचा.

नदी होती. माणसं एकमेकांना तुडवत आत पडली. गावातून सोबत आलेले पाद्रीबाबा काठावर उभे राहून ओरडत होते, "हळू प्या, घोट घोट प्या," आणि कुणी ऐकत नव्हतं. सूर्य मावळेपर्यंत काठावर पोट फुगलेल्या प्रेतांची रांग झाली. रिशोमावशी त्या रांगेत होती. ओदलीननं गोबेरला गळपट्टी धरून मागे ओढलं, जमिनीवर पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि ओल्या कापडाचा एकेक थेंब त्याच्या तोंडात पिळला. तो तिला चावला. तिनं सोडलं नाही. अंधार पडला आणि गोबेर जिवंत होता.

ती रडली. आनंदानं रडण्याची तिची ती शेवटची वेळ.

सकाळी तो नदीच्या काठी पालथा पडून पीत होता. ती धावली. तो पीत राहिला. दुपारीही तो पीतच होता. पोट फुगलं नाही. त्यानं मान वर केली तेव्हा ओठ माळावर होते तसेच फाटलेले होते, आणि भेगांमध्ये पांढरं काहीतरी चमकत होतं.

"ओदलीन," तो म्हणाला, "हे आत जातच नाहीये."

पुढे आणखी दोन वर्षं. वेढे, भूक, घोड्यांची कातडी उकळून खाणं, ते सगळं तुला इतरांकडून कळलंच असेल. ओदलीन जगली. गोबेरही तिच्याबरोबर चालत राहिला. तो जेवत नव्हता, झोपत नव्हता. ताप नाही, जखम नाही. बाण लागला तर त्या जागेतून रक्ताऐवजी ओलसर मीठ आलं, आणि तिनं ते पुसून कुणाला दिसू दिलं नाही. यरुशलेमला प्रभूच्या कबरीवर तिनं कफन पसरलं तेव्हा सगळ्या क्रूसांचे दोरे आपोआप सैल झाले. झाडावरून पान यावं तसे ते एकेक खाली आले. कापड कोरं झालं. गावचे लोक पोचले, असं पाद्रीबाबा म्हणाले.

ती गोबेरकडे वळली. नवस फिटला होता, आता त्याचा क्रूस खांद्यावरून काढून पाठीवर लावायचा होता. टाका उसवेना. तिनं कात्री लावली, ती बोथट झाली. सुरीची धार वाकली. अंगरखा काढू गेली तर गोबेर ओरडला, कारण तो दोरा कापडाशी थांबला नव्हता.

"तो काढ," गोबेर म्हणाला. "ओदलीन, मी तुला काही म्हणणार नाही... फक्त तो काढ."

ती अजून प्रयत्न करते. दर रविवारी, प्रार्थनेनंतर.

तू त्याला पाहिलं आहेसच. विहिरीच्या बाजूला, आत्याच्या दाराच्या खांबाला टेकून बसलेला असतो. लोक म्हणतात, किती पुण्यवान, परत आला तरी क्रूस समोरच ठेवलाय, दुसऱ्यांदा जायचा नवस असेल. मुलं त्याच्या पाया पडतात. तो बादलीवर बादली ओढतो आणि पितो. तो टेकतो त्या खांबाला तू कधी हात लावलास का? गाई संध्याकाळी घरी जायच्या सोडून त्या खांबाशी जमतात आणि तो चाटतात. लाकूड मध्ये बारीक झालंय.

आता आजचं.

उपदेशक परत आला, तुला माहीत आहे. बाबांनी नवस बोलला. आत्या त्यांच्या पाया पडली, दार अडवून बसली. बाबा म्हणाले, "तू जाऊन आलीस आणि मला नको म्हणतेस?" आत्या त्यांना खरं सांगू शकली नाही. बाबांचा क्रूस मी शिवला. माझ्या टोपड्याच्या लाल अस्तराचा. त्याला चुलीच्या ठिणगीनं पडलेलं भोक आहे, म्हणून मी तो भाग खाली घेतला. बाबा आज दुपारच्या होडीनं निघणार.

सकाळी मी आत्याकडे दोरा मागायला गेले. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. पेटी उघडी होती. कफन तिच्या पायांवर होतं, आणि त्यावर एकच क्रूस. खाली ठिणगीचं भोक. टाके डावीकडे कललेले.

तिच्या ओठांमधून लाल दोरा लोंबत होता.

मी हलवल्यावर ती जागी झाली. तिनं दोरा काढून हातात घेतला आणि बोटाला गुंडाळला. मी विचारलं, "आत्या, मी परत शिवू का? तू गोबेरचा शिवलास तसा?" "बाहेर जाऊन त्याच्याकडे बघ," ती म्हणाली. "मग ठरव."

मी गेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, पण बादलीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारायला थांबले नाही.

क्रूस मी उसवून आणला आहे. एका झटक्यात आला. हा बघ. आणि हा अंगरखा, इथे हात लाव, ही भोकं लागतात ना बोटाला? मी बाबांना म्हटलं, आज नका जाऊ. ते हसले. म्हणाले, "आज काय आणि उद्या काय, वेडाबाई." मी काही केलं नाही तर सूर्य मावळायच्या आत... आणि केलं तर आमच्या दारालाही तसा एक खांब. सुई ओवलेली आहे. घंटा झाली का? नाही, ते बाबा आहेत. अंगरखा मागतायत. आले बाबा. ऐक, तू माझ्या जागी असतीस तर तू हा परत शिवला असतास, की...